भाडेकरूच्या घरातली तातडीची दुरुस्ती: आधी काय करायचं, कोणी आणि कोणाच्या पैशांनी? (नाशिक)

गोदाकाठ:

पावसाळा तोंडावर आला की बाहेरगावी राहणाऱ्या घरमालकाला फोनची धास्ती वाटायला लागते. माझा इंदिरानगरला एक फ्लॅट आहे आणि सिडकोत आईच्या नावावरच्या घराचा वरचा मजला आहे. दोन्ही भाड्याने दिलेत, मी असतो पुण्यात. भाडेकरू सज्जन आहेत, उगाच फोन करत नाहीत. म्हणूनच त्यांचा फोन आला की काम लगेच मार्गी लागायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यांनी भाडं वेळेवर द्यायचं आणि आपण मात्र 'बघतो, रविवारी येतो' म्हणायचं, हे बरोबर नाही.

माझी पद्धत सांगतो, त्यात भर घाला.

तातडीचं काय, हे चावी देतानाच बोलून ठेवायचं. घरात पाणी वाहतंय आणि थांबत नाही, किंवा इमारतीत सगळ्यांना पाणी आहे आणि फक्त आपल्याच नळाला नाही. वायर जळल्याचा वास, बोर्डातून ठिणग्या, नळाला हात लावला की झिणझिण्या. गॅसचा वास. घरातला एकुलता एक संडास तुंबलेला. बाहेरचं दार लागत नाही, किंवा आत कोणी अडकलंय. एवढ्यासाठी रात्री दोनला फोन केला तरी चालेल, नव्हे, करायलाच हवा. ठिबकणारा नळ, बंद पंखा, कपाटाची निखळलेली बिजागरी यांचा मेसेज टाकायचा, आठवड्याच्या आत काम होईल. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर ही यादी बदलते. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा बाळंतिणीच्या घरातला गिझर बंद पडणं माझ्या मते तातडीचंच.

मग माणसं. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन त्याच भागातले हवेत. नाशिकरोडचा प्लंबर रात्री पाथर्डी फाट्याला येत नाही, कितीही ओळख असो. प्रत्येक कामाला दोन नंबर ठेवायचे, आणि कामाचे पैसे त्याच दिवशी यूपीआयने पाठवायचे. ज्याचे पैसे महिना-महिना रखडवले तो अडीअडचणीला धावून का येईल?

फोन आला की मी आधी एवढंच विचारतो: पाणी कुठून येतंय, छतातून, भिंतीतून की फरशीवर? मेन कॉक बंद केला का? एक व्हिडिओ पाठवता का? चूक कोणाची आणि पैसे कोणाचे, हा विषय दुसऱ्या दिवशीचा. पहिल्या तासात फक्त नुकसान थांबवायचं.

अडतं ते पुढे. करारात 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी' असं छापील वाक्य असतं. लायसन्सी म्हणजे राहणारा, लायसन्सर म्हणजे मालक. किरकोळ म्हणजे किती? तुम्ही लोक काय ठरवता?

भाडेकरू_पाथर्डीफाटा:

मी भाडेकरूच्या बाजूने लिहिते. आम्हाला उशिराचा त्रास होतो, पण त्याहून जास्त त्रास होतो तो उत्तरच न येण्याचा. 'प्लंबर उद्या सकाळी दहाला येईल, तोवर कॉक बंद ठेवा' एवढं कळलं तरी माणूस निवांत झोपतो. 'बघतो' याला काही अर्थ नसतो.

आधीच्या घरी फ्लश टँकची गळती मी मेसेज करून कळवली होती. घरमालक काका दर वेळी बघतो म्हणाले. पाणी रोज बाथरूमच्या दाराच्या खालच्या कडेला लागायचं. पावसाळ्यात दाराचं प्लायवूड खालून फुगलं, थर सुटे झाले, दार चौकटीत बसेना. घर सोडताना त्या दाराचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले. दार फुगलं कशाने, तर त्याच गळतीने. मेसेज दाखवले, तरी उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक तक्रार फोनवर सांगते आणि लगेच फोटोसकट लिहूनही ठेवते. मालकांनीही असंच करावं. दोघांच्याही फायद्याचं आहे.

वायरमन_सातपूर:

मी रोज हेच काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लाइट गेली असा फोन आला की भाडेकरूला पहिला प्रश्न विचारा: जिन्यातला दिवा चालू आहे का, शेजारी लाइट आहे का? सगळीकडे गेली असेल तर महावितरणला कळवा, १९१२ किंवा १८००-२३३-३४३५, ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून. तो बिलावर असतो आणि बिल बहुतेक ठिकाणी मालकाच्या नावावर, म्हणून तो क्रमांक भाडेकरूला आधीच देऊन ठेवा. फक्त आपल्याच घरात गेली असेल तर बघायचं काम आपलं. मीटरपर्यंतचं महावितरणचं, मीटरनंतरचं आपलं, असा साधा हिशोब आहे. मीटरच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, पडत असेल तर घरातली सगळी बटणं बंद करून एमसीबी वर करायला सांगा, मग एकेक बटण चालू करत जायचं. ज्याला पडला ते उपकरण किंवा ती लाइन खराब. बहुतेक वेळा गिझर नाहीतर पाण्याची मोटर सापडते. रात्री ते बाजूला ठेवून बाकीचं घर चालतं, सकाळी माणूस पाठवा. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, परत परत पडत असेल तर मात्र कुठेतरी करंट जमिनीत उतरतोय. तो 'बायपास' करून द्या म्हणणारे असतात. अजिबात करू नका. तो पडतो म्हणूनच माणूस वाचतो. त्यावर चाचणीचं एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर पडला नाही तर बदला.

सगळ्यात घाईचं म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, सुटणं. पंखा अचानक भरधाव, ट्यूब भगभगीत, आणि शेजारच्या घरात दिवे मंद, असं झालं की एक क्षण न थांबता मेन स्विच खाली. अशा वेळी २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब घरात येऊ शकतो, फ्रिज, टीव्ही, चार्जर सगळं जातं. भाडेकरूने मालकाला फोन करण्याआधी मेन खाली करायचा. म्हणून मेन कुठे आहे हे त्याला माहीत हवं. मीटरपेट्या खाली पार्किंगमध्ये असतात, त्यावर फ्लॅट नंबर पुसलेले असतात. पेनाने नको, रंगाने लिहून घ्या.

रानजाई:

वायरमनदादा, फार उपयोगी लिहिलंत. गॅसवरही लिहायला हवं.

गॅसचा वास आला तर कोणतंच बटण दाबायचं नाही, बंदही नाही आणि चालूही नाही. रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर त्याचा कॉक बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि घराबाहेर जाऊन फोन. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. मालकाला फोन त्यानंतर.

आणि कृपा करून बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून घर भाड्याने देऊ नका. हवा पुरेशी नसेल तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दार ठोठावायचंही सुचत नाही. थंडीत लोक खिडकीची फट पेपर कोंबून बंद करतात, मग अनर्थ होतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावता येतो, नाहीतर विजेचा लावावा. भाडेकरूने 'गिझर चालू असताना डोकं दुखतं' असं म्हटलं तर ती किरकोळ तक्रार समजू नका. त्याच दिवशी वापर थांबवायला सांगा.

माझा फ्लॅट गंगापूर रोडला आहे, शिकणाऱ्या मुली राहतात. त्यांच्याकडे कारागीर पाठवताना मी त्याचं नाव आणि फोटो आधी मुलींना पाठवते, वेळ त्यांना विचारून ठरवते. एकटी मुलगी घरात असेल तर दुसरी येईपर्यंत थांबवते, नाहीतर मी स्वतः जाते. माझ्याकडे दुसरी चावी आहे, पण न विचारता मी ती वापरत नाही. घर माझं असलं तरी राहणारं माणूस ते आहे. भाडे नियंत्रण कायद्यातही मालकाला आधी सूचना देऊन, योग्य वेळीच घर बघायला जाता येतं. पाणी खालच्या मजल्यावर उतरतंय आणि घरात कोणी नाही, अशा वेळी फोनवर परवानगी घेऊन, शेजारच्या काकूंना सोबत घेऊन उघडायचं आणि आत गेल्यापासून व्हिडिओ काढायचा.

महात्मानगर:

माझा अनुभव थोडा वेगळा. तुम्ही जितकं सोपं कराल तितके फोन वाढतात. बल्ब गेला, फोन. रिमोटचे सेल संपले, फोन. वॉशिंग मशीनच्या पाइपला टेफ्लॉन टेप लावली नाही म्हणून गळतंय, तरी मालकच दोषी. सिंकमध्ये भात, चहाचा चोथा, तेल सगळं ओतायचं आणि तुंबलं की दुरुस्ती मालकाची? मालकांपैकी बरेच जण निवृत्त आहेत, त्यांचं घर त्या भाड्यावर चालतं. तेही लक्षात घ्या.

गोदाकाठ:

@महात्मानगर, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि म्हणूनच आधी बोलून ठेवायचं. सिंक तुंबलं तर साफ करण्याचा खर्च भाडेकरूचा, असं मी पहिल्याच दिवशी सांगतो आणि सिंकला जाळी स्वतः आणून देतो. मात्र तिसऱ्यांदा तुंबलं तर मी प्लंबरला खालचं चेंबर उघडायला लावतो, कारण मग बिघाड लाइनमध्ये असतो आणि तिथे भाडेकरूचा दोष नसतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात कोणती दुरुस्ती कोणाची याची यादीच आहे. रचनेची दुरुस्ती, रंग-सफेदी, पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग मालकाकडे. नळ आणि वॉशर, ड्रेनेजची सफाई, कमोड-बेसिन-गिझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, कुलुपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, आपल्याकडे १९९९ चाच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो. पण करार लिहिताना ती यादी समोर ठेवायला काय हरकत आहे? गिझर मात्र मी मालकाकडे ठेवतो. जुना गिझर लावून द्यायचा आणि थर्मोस्टॅटचा खर्च भाडेकरूच्या माथी मारायचा, हे मला पटत नाही.

जुनावाडा:

कायद्याचा विषय निघालाच आहे तर १९९९ च्या कायद्याचं कलम १४ सांगतो. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, आणि त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करायचा. वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई अशा आवश्यक सोयी मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता किंवा अडवता येत नाहीत. भाडं थकलं म्हणून मोटर बंद करणारे असतात, त्यांनी हे वाचावं.

पण कलम १४ मधला 'भाडेकरू' म्हणजे कायद्याच्या अर्थाने भाडेकरू. आजकाल फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर जातात, तिथे राहणाऱ्याचा आधार म्हणजे करारात काय लिहिलंय तेच. म्हणून दुरुस्तीचं कलम नीट लिहा. करार नोंदवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, कलम ५५. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमचा पंचवटीत वाडा आहे, जुने भाडेकरू आहेत. तिथे या एक चतुर्थांशाचं काही खरं नाही. जुन्या भाड्याचा वर्षाचा चौथा हिस्सा म्हणजे गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. वाड्यात तातडीचं म्हणजे नळ नव्हे, भिंत. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की आधी पोट सुटतं म्हणजे भिंत फुगून पुढे येते, गिलावा ठोकला तर पोकळ वाजतो, दाराची चौकट अचानक घासायला लागते, तुळईच्या टोकाशी माती भुरभुरते. यातलं काहीही दिसलं तर दुरुस्ती नंतर, आधी माणसं बाहेर. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक आणि भाडेकरू दोघंही ती नोटीस एकमेकांच्या विरोधातला कागद समजतात आणि सतत पाऊस लागला की तीच भिंत कोसळते. आम्ही दोन खोल्यांना टेकू दिलेत आणि त्या खोल्यांतलं कुटुंब पावसाळाभर पुढच्या सोप्यात हलवलंय. त्यांचा हक्क जाणार नाही असं लिहून दिलं, तेव्हाच ते हलले. हे लिहून देणं फार महत्त्वाचं आहे.

भाडेकरू_पाथर्डीफाटा:

लिहून देण्याचं अगदी पटलं. माणूस खोली सोडत नाही कारण परत मिळेल की नाही याची भीती असते.

चिटणीस:

एका सोसायटीचं काम बघतो, त्यामुळे गळतीवर.

सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीतून पाणी येत असेल तर ते सोसायटीचं काम. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (नियमावलीत) पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चात धरली आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या छतात ओल येत असेल तर ती त्या सभासदाची जबाबदारी. पण गोम अशी की भाडेकरू सभासद नसतो. तो आमच्याकडे येतो, आम्ही म्हणतो मालकाला सांगा, मालक म्हणतो सोसायटीला सांगा, आणि छताचे पोपडे पोराच्या अभ्यासाच्या टेबलावर पडत राहतात. तेव्हा मालकाने पहिल्याच दिवशी सोसायटीला लेखी पत्र द्यावं, फोटो लावून. ईमेल चालतो. आणि वरच्या मालकाशी स्वतः बोलावं, भाडेकरूला भांडायला पाठवू नये.

वरच्या बाथरूममधूनच येतंय का, हे बघायला सोपा उपाय: नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाला, कापड कोंबून, फरशीवर थोडं पाणी भरून रात्रभर ठेवायचं. खाली ओल वाढली तर फरशीच्या सांध्यातून किंवा ट्रॅपच्या कडेने उतरतंय. वाढली नाही तर पाइप बघा.

ऐन पावसात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होत नाही, पृष्ठभाग कोरडा लागतो. भर जुलैत 'उद्या करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पावसात एवढंच होऊ शकतं: गच्चीवरची पाणी जाण्याची तोंडं मोकळी करायची, वरून ताडपत्री टाकायची, आणि छतातल्या पंख्याच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर ती लाइन बंद ठेवायची. पहिल्या मोठ्या पावसात निम्म्या गळत्या तुंबलेल्या तोंडांमुळे असतात, पानं, पिसं, दिवाळीच्या फटाक्यांचा कागद, सगळं तिथे अडकतं. मेअखेर एकदा झाडून घ्या. पक्कं काम एप्रिल-मेमध्ये, आणि झाल्यावर गच्चीवर पाणी भरून दोन दिवस खालून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

सिडकोवाला:

पाण्याची एक गोष्ट राहिली. पालिकेने शनिवारी शटडाऊन घेतला, म्हणजे दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवला, की रविवारी सकाळी कमी दाबाने पाणी येतं. तेव्हा 'पाणी नाही' हा फोन येणारच. पेपरात सूचना आली की भाडेकरूंच्या ग्रुपवर टाकून द्या, निम्मे फोन वाचतात.

आणि मेन कॉक. जुन्या घरांत फिरवायचा गेट व्हॉल्व्ह असतो, वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. आतून क्षार धरतो, गंजतो. ऐन वेळी जोर लावला की चाक हातात येतं आणि पाणी तसंच चालू. मग गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करायचा तर गच्चीला कुलूप आणि चावी चेअरमनकडे! भाडेकरू बदलताना तो काढून पाव वळणात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. काही शेकड्यांत होतं. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करायचा. आणि गच्चीची चावी कोणाकडे असते, तेही भाडेकरूला सांगा.

महात्मानगर:

@सिडकोवाला, कॉकचं ऐकून आजच तपासायला सांगतो. बाकी एक हिशोबाचा मुद्दा. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च केला तरी आणि नाही केला तरी. दुरुस्तीच्या पावत्या वेगळ्या दाखवता येत नाहीत. म्हणजे दुरुस्तीसाठी सवलत आपण घेतोच आहोत. मी आता दर महिन्याच्या भाड्यातला थोडा भाग वेगळ्या खात्यात टाकतो. तेव्हापासून अशा फोनवर चिडचिड होत नाही, कारण ते पैसे आधीच बाजूला असतात.

रानजाई:

हे आवडलं. मीही करते.

गोदाकाठ:

सगळ्यांचं वाचून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आत चिकटवायचा कागद नव्याने लिहिला. वर मेन स्विच, मेन कॉक, गॅसचा कॉक आणि गच्चीची चावी कुठे, हे फोटोसह. त्याखाली महावितरणचा ग्राहक क्रमांक आणि १९१२, गॅसला १९०६, आगीला १०१. मग प्लंबर दोन, इलेक्ट्रिशियन दोन, कुलूपवाला एक. मग मी, आणि मी उचलला नाही तर सिडकोतला माझा मावसभाऊ, त्याला पैसे द्यायची मुभा दिली आहे. मालकाचा नंबर सगळ्यात खाली ठेवलाय, मुद्दाम. माझ्या परवानगीसाठी कोणी पाण्यात उभं राहू नये.

करारात असं कलम घालायचं म्हणतोय: 'पाणी, वीज, गॅस, सांडपाणी व मुख्य दरवाजा यासंबंधी तातडीच्या बिघाडात लायसन्सीने लायसन्सरला कळवून २,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती तत्काळ करून घ्यावी व तो खर्च पुढील महिन्याच्या शुल्कातून वळता करावा.' कोणी तपासून सांगेल का?

जुनावाडा:

चांगलं आहे, तीन बदल करा. 'कळवून' याऐवजी 'कळवून, अथवा संपर्क न झाल्यास लेखी संदेश पाठवून' असं घाला, नाहीतर तुमचा फोन बंद असेल तर तो बिचारा अडकला. 'खर्च' याच्याआधी 'पावती व छायाचित्रे देऊन झालेला' लिहा. आणि शेवटी 'लायसन्सीच्या निष्काळजीपणामुळे झालेला बिघाड वगळून' हे जोडा, महात्मानगरांची शंका त्यात मिटेल.

भाडेकरू_पाथर्डीफाटा:

त्यात आणखी एक हवं. २,००० च्या वरच्या कामाला मालकाने किती वेळात उत्तर द्यायचं, तेही लिहा. आमची खरी अडचण तिथेच असते. वीज-पाण्याला २४ तास, बाकीला सात दिवस, असं काहीतरी.

गोदाकाठ:

ताई, बरोबर. २४ तास आणि सात दिवस, दोन्ही घातलं. जुनावाडा यांचे तिन्ही बदलही केले. इंदिरानगरच्या फ्लॅटचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, नोंदणीला हाच मसुदा देतो. सिडकोच्या भाडेकरूंशी आज रात्री बोलतो आणि त्यांच्या चालू कराराला दोघांच्या सह्यांचं पूरक पत्र जोडतो, म्हणजे पावसाआधी त्यांच्याही हातात असेल.